वकील आपला, दलालाचा नाही

तायांनो, बैठकीत नेहमी ऐकते, "दलालानंच वकील दिला, बरं झालं." कुठं बरं झालं? सौदा व्हावा यातच त्याचा फायदा, मग तो खोट कशाला दाखवेल?

नागपूरच्या आसपास ले-आऊटचा प्लॉट घेताना इसार देण्याआधीच आपला वेगळा वकील करा. त्याच्याकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट सहीनिशी लेखी घ्या. जमीन कोणाच्या नावावर, बोजा आहे का, एनए झाली का, ले-आऊटला मंजुरी आहे का, विकणाऱ्याच्या बहिणींचा हिस्सा अडकलाय का, सगळं त्यात यायला हवं. फी आधीच विचारा, त्यात लाजायचं काय? नुसता सल्ला घ्यायलाही पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987 च्या कायद्यानं बाईला तिथं उत्पन्नाची अट नाही. फोन 15100.