अवकल समीकरणांच्या प्रारंभिक अध्यापनातील एकमेवता प्रमेय : जलसाठ्याच्या उदाहरणाद्वारे विवेचन

प्रस्तावना :

बी.एस्सी. स्तरावरील अवकल समीकरणांचा प्रारंभिक अभ्यासक्रम बहुतांशी रीतींचा अभ्यासक्रम असतो. चल विलग करणे, समाकलन गुणक काढणे, सहायक समीकरण मांडणे या रीती विद्यार्थी परिश्रमपूर्वक आत्मसात करतो व त्यांच्याच बळावर उत्तीर्ण होतो. पिकार यांचे अस्तित्व व एकमेवता प्रमेय मात्र तो केवळ पाठ करतो. त्यातील लिप्शित्झ अट नसल्यास नेमके काय बिघडते, या प्रश्नाचे उत्तर सहसा मिळत नाही. हा दोष सर्वस्वी विद्यार्थ्याचा नव्हे. त्याच्याकडून जी समीकरणे सोडवून घेतली जातात, त्यांपैकी बहुतेकांत ही अट आपोआप पाळली जाते. मग तिची गरज त्याला भासावी कशी? मराठवाड्यातील वर्गात ही गरज पाण्याच्या उदाहरणातून दाखविता येते.

समीकरणाची मांडणी :

छत्रपती संभाजीनगर शहराची तहान पैठणच्या जायकवाडी धरणावर भागते. नाथसागराची एकूण क्षमता सुमारे २,९०९ दलघमी असून त्यांपैकी सुमारे ७३८ दलघमी मृतसाठा आहे. जलाशय पूर्ण भरला असता पाण्याचा पृष्ठभाग सुमारे ३५० चौरस किलोमीटर होतो. साठा बदलण्याचा वेग म्हणजे आवक वजा उपसा वजा बाष्पीभवन. दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन गृहीत धरल्यास एवढ्या पृष्ठभागावरून रोज २.८ दलघमी पाणी उडून जाते. तथापि साठा घटतो तसा पृष्ठभागही आक्रसतो. म्हणजेच बदलाचा वेग खुद्द साठ्यावरच अवलंबून राहतो, आणि साधे समाकलन पुरेसे न ठरता अवकल समीकरण लागते ते येथेच. (आवक मात्र कोणत्याही सूत्रात बसत नाही. पावसाखेरीज ती नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांतून पाणी सोडण्याच्या निर्णयावरही ठरते.)

आटणारे तळे :

आता आवक व उपसा नसलेले, खाली निमुळते होत गेलेले शंक्वाकृती तळे घेऊ. पाझर तूर्त दुर्लक्षिला आहे. घनफळ खोलीच्या घनाच्या, तर पृष्ठभाग खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून घनफळ घटण्याचा वेग घनफळाच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात येतो. चल विलग केल्यास उत्तर सोपे निघते : खोली रोज सारखीच कमी होते. २ मीटर खोल तळे रोज ८ मिलिमीटरने उतरत २५० दिवसांत कोरडे पडते.

आता प्रश्न उलटा विचारावा. आज तळे कोरडे आहे. ते केव्हा आटले? महिन्यापूर्वी आटलेले तळे, सहा महिन्यांपूर्वी आटलेले तळे आणि कधी भरलेच नव्हते असे तळे, या तिन्हींचे आलेख त्याच समीकरणाचे समाधान करतात आणि आजची ‘घनफळ शून्य’ ही अटही तिघांची एकच आहे. एकमेवता येथे नाहीशी होते. कारण उघड आहे. दोन-तृतीयांश घाताचा अवकलज शून्याजवळ अमर्याद वाढतो, त्यामुळे तेथे लिप्शित्झ अट टिकत नाही.

याउलट पृष्ठभाग घनफळाच्याच प्रमाणात घटतो असे मानल्यास अट पाळली जाते, घातांकी उत्तर मिळते, आणि त्या हिशेबाने तळे कधीच आटत नाही. मराठवाड्यातील विद्यार्थ्याला हे हास्यास्पद वाटेल, आणि ते तसे वाटणे अध्यापनाच्या दृष्टीने उपयुक्तच आहे. अट पाळली गेली तर कोरडे तळे आणि पाणी असलेले तळे यांचे आलेख एकमेकांस कधीच मिळू शकत नाहीत, हा प्रमेयाचा आशय त्याला त्या विसंगतीतून उमगतो. अनेक पाठ्यपुस्तकांत दोन-तृतीयांश घाताचे समीकरण अपवाद म्हणून एका ओळीत येते खरे. परंतु तेथे ते मुद्दाम घडविलेल्या कोड्यासारखे भासते.

तळे खरोखर शंकूसारखे असते काय, ही शंका वर्गात निघेलच व तिचे स्वागत करावे. शेततळ्याचा तळ सपाट असतो, त्यामुळे शेवटच्या दिवशीही पृष्ठभाग शून्य होत नाही. घनफळ शून्यावर पोहोचताच घटण्याचा वेग एकाएकी तुटतो आणि लिप्शित्झ अट तर दूरच, सातत्यही उरत नाही. अशा वेळी ‘समीकरणाची उकल’ कशाला म्हणावे, हा प्रश्न गृहपाठासाठी देता येईल.