प्रत्येक वेळी ‘उन्हाळी’च असते असे नाही



आपल्या या पत्रिकेत लागणीच्या तारखा, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त असे विषय येतात, आणि तेच यावेत अशी बहुतेकांची अपेक्षा असते. या अंकात मात्र आम्ही एका दुखण्याविषयी लिहीत आहोत, आणि तेही अशा, की ज्याचे नाव घरातसुद्धा मोठ्याने घेत नाहीत. त्याचे कारण असे झाले, की गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेला एक सभासद भगिनी आल्या नाहीत. शेअर त्यांच्या स्वतःच्या नावावर. दरवर्षी पहिल्या रांगेत हजर, आणि उसाच्या बिलावर प्रश्न विचारणार म्हणजे विचारणारच. काही कामानिमित्त त्यांच्या वस्तीवर गेलो तेव्हा आम्ही सहज विचारले. थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊ, मंडपापासनं संडास किती लांब हाय, ठाऊक हाय का तुम्हाला? चार तास मी बसायचं कसं?”

पुढे त्यांनी जे सांगितले ते त्यांच्याच परवानगीने लिहीत आहोत. “नाव छापू नका, पण लिहा जरूर,” असे त्या म्हणाल्या.

वय चौतीस. दोन वर्षांपूर्वी लघवीला वारंवार लागू लागले. लागले की धीर निघत नसे. भांगलण करता करता बांधापर्यंत पोचायच्या आत लुगडे ओले. सासूबाई म्हणाल्या, उन्हाळी लागली असेल. धणे-जिऱ्याचे पाणी झाले, सब्जा झाला. मग गोळ्यांचे तीन कोर्स झाले. लघवीची तपासणी दोनदा केली तर जंतू काही निघाले नाहीत. साखर तपासली, ती बरोबर. गर्भाशय तपासले, तेही ठीक. शेवटी एके ठिकाणी “मनाचं आहे, फार विचार करू नका” असे सांगून बोळवण झाली. त्या दिवशी घरी येऊन आपण खूप रडलो, असे त्यांनी सांगितले.

मग त्यांनी आपल्यातले बहुतेक जण करतात तेच केले. पाणी पिणे कमी केले. आम्हाला वाटते, सगळ्यात मोठी चूक हीच. पाणी कमी प्यायले की लघवी गढूळ आणि जहाल होते, पिशवी आणखी चुरचुरते, जंतू धरायला वाव मिळतो आणि बद्धकोष्ठ झाले की आतड्याचा दाब पिशवीवर येतो तो वेगळाच.

पुढच्या उन्हाळ्यात पायांना मुंग्या येऊ लागल्या. दुपारच्या उन्हात पाय जड व्हायचे, सावलीत अंगावर गार पाणी घेतले की जरा हलके वाटायचे. एका डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि विचारले, “पूर्वी कधी डोळ्याला काही झालं होतं का?” झाले होते. त्याआधी एकदा उजव्या डोळ्याने तीन आठवडे धुरकट दिसत होते, डोळा फिरवला की दुखायचे. आपोआप बरे झाले म्हणून कोणी लक्ष दिले नव्हते. डोळा, पाय आणि लघवी यांचा एकमेकांशी संबंध असेल हे कोणाच्या ध्यानात येणार! डॉक्टरांनी मेंदूतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली आणि त्यावर संशय म्हणून लिहिले: मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस.

हा आजार नवा नाही. पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली त्याची नीट मांडणी केली. मोटारीच्या केबलीवर जसे रबर असते, तसे मेंदूतील व मज्जारज्जूतील तंतूंवर एक वेष्टण असते. शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच चुकून त्या वेष्टणावर उठते. राखणदारच पिकात शिरावा तसे. वेष्टण गेले की निरोप अडखळतो. बहुधा वीस ते चाळीस या वयात सुरुवात होते, आणि पुरुषांपेक्षा बायकांत हे दुखणे दुपटी-तिपटीने आढळते.

आता लघवीशी याचा संबंध काय? पिशवीने दाबायचे आणि दार उघडायचे, ही दोन्ही कामे जुळून व्हावी लागतात, आणि तो हुकूम मज्जारज्जूतून जातो. हुकूम बिघडला की पिशवी थोड्याशा लघवीनेही आवळते. किंवा उलट होते, पिशवी दाबते पण दार उघडत नाही आणि लघवी आत तुंबते. पुष्कळदा दोन्ही एकाच वेळी. एमएस असलेल्या दहातल्या जवळजवळ आठ जणांना कधी ना कधी हा त्रास होतोच.

मेंदूतज्ज्ञांनी या भगिनींना तीन दिवस टिपण ठेवायला सांगितले. किती वाजता काय प्यायले, किती वाजता लघवी झाली आणि मापाने किती. त्यांनी ते उसाच्या वजन-पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिले, ते आम्हाला दाखवले. दिवसा तेरा वेळा, रात्री चार वेळा. दर खेपेला साठ ते शंभर मिलीलीटर. वास्तविक पिशवीत चारशे-पाचशे मावते. मग लघवी करून आल्याबरोबर सोनोग्राफी केली, तर आत एकशे साठ मिलीलीटर शिल्लक! म्हणजे पिशवी रिकामी होतच नव्हती. घाई थांबवण्याची गोळी असते, पण शिल्लक न मोजता ती दिली तर तुंबणे वाढू शकते. म्हणून मोजमाप आधी, गोळी नंतर. हे आपल्या डॉक्टरांना विचारायला लाजू नये.

त्यांना दिवसातून दोनदा बारीक नळी स्वतःच घालून पिशवी रिकामी करायला शिकवले. ऐकूनच आमच्या अंगावर काटा आला, तशा त्या हसल्या. “पयल्यांदा मलाबी आला. आता पाच मिन्टांचं काम हाय.” ही पद्धत अमेरिकेत मिशिगनचे डॉक्टर लॅपिडीस यांनी १९७२ साली रूढ केली. हात साबणाने स्वच्छ हवेत, बाकी ऑपरेशनच्या खोलीसारखा थाट लागत नाही. नळी कशी वापरायची हे मात्र नर्सकडूनच शिकावे. पाणी त्या आता दिवसभरात थोडे थोडे करून दीड-दोन लीटर पितात, झोपण्यापूर्वी दोन तास बंद. चहा पाच कपांवरून दोनवर आणला, कारण चहाने पिशवी चाळवते. रात्री आता एकदाच उठावे लागते.

निदान मात्र अजून पक्के नाही. पहिल्या एमआरआयमध्ये डाग दिसले, पण थोडे. केवळ रक्त तपासून एमएस ठरत नाही. पाठीतले पाणी काढून तपासतात, डोळ्याच्या नसेची चाचणी घेतात, बी-१२ ची कमतरता, मणक्याचा दाब, मणक्याचा क्षय ही कारणे बाजूला काढतात. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय आहे. “हाय म्हणलं तरी चालंल, न्हाई म्हणलं तरी चालंल, पण कायतरी म्हणा,” असे त्या म्हणाल्या. तोवर लघवीचा उपाय अडवून ठेवायचा नाही, हे त्यांच्या डॉक्टरांनी केले ते आम्हाला फार योग्य वाटले. शिक्कामोर्तब झाल्यास गोळ्या-इंजेक्शने आहेत. ती आजार मुळापासून काढत नाहीत, पण नवे झटके कमी करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे, आणि १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांसाठी काम करते. तिची शाखा पुण्यातही आहे.

एक गोष्ट ठळक सांगतो. लघवी अचानक अजिबात होईनाशी झाली, किंवा तिच्याबरोबर पायातले बळ गेले, बसायच्या जागी बधिरपणा आला, तर सकाळची वाट पाहू नका. ऊस तोडायला आला असला तरी त्याच रात्री गाडी काढा. लघवीची तक्रार चालू असताना ताप आला तरीही लगेच दाखवा. जंतूंमुळे एमएसची इतर लक्षणेही उफाळतात.

पुरुष सभासदांनी हे बायकांचे दुखणे समजू नये. फक्त आपल्याकडे साठीनंतर प्रोस्टेटवर ढकलून मोकळे होतात, आणि पस्तिशीचा तरुण तर बोलतच नाही.

यंदाच्या सभेत मंडपालगत, वजनकाट्याच्या मागच्या बाजूस, भगिनींसाठी पाण्यासह स्वतंत्र सोय करण्याचे कार्यालयाने मान्य केले आहे. मंडपापासून तीस पावले, आम्ही स्वतः मोजली. त्या भगिनींना तसा निरोप दिला आहे. येते म्हणाल्या, मात्र पहिल्या रांगेत नाही, कडेच्या खुर्चीवर बसणार. बिलाचा प्रश्न तयार आहे म्हणे.