सीतेची आसवं आणि मातीतले फुगे

साताऱ्यापासून साधारण पंचवीस किलोमीटरवरच्या कास पठारावर पावसाळा सरत आला की ओलसर जांभ्या दगडावर निळ्या-जांभळ्या फुलांचे पट्टेच्या पट्टे उमटतात. एकेक फूल जेमतेम नखाएवढं. लोक त्याला ‘सीतेची आसवं’ म्हणतात. सीतेचे अश्रू जिथं पडले तिथं ही फुलं उगवली, अशी कथा सांगितली जाते. कथा तर सुंदर आहेच, पण तिच्यामागचं निरीक्षणही पक्कं आहे. हे रोप उगवतं ते पाणी झिरपत असलेल्या जागीच. पाणी आटलं की तेही संपतं.

शास्त्रज्ञांच्या लेखी ही युट्रिक्युलेरिया. लिनियसने 1753 साली नोंदवलेलं हे नाव ‘छोटी पिशवी’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलं आहे. पिशवी फुलात नसते. ती असते खाली, चिखलात.

या वनस्पतीला खरी मुळं नसतात. मातीत पसरलेल्या धाग्यांसारख्या खोडांवर टाचणीच्या डोक्याहूनही बारीक फुगे लागतात. पूर्वी काहींना वाटे, रोप पाण्यावर तरंगावं म्हणून ते असावेत. प्रत्यक्षात ते सापळे आहेत. फुगा आतलं पाणी बाहेर टाकत राहतो, त्याच्या भिंती आत ओढल्या जातात आणि दार घट्ट मिटलेलं राहतं. सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट शिकार खेचली जाते. पाण्यात वाढणाऱ्या जातींमध्ये हे सगळं एक सहस्रांश सेकंदही न लागता उरकतं! डार्विनने 1875 च्या पुस्तकात या वनस्पतीला स्वतंत्र प्रकरण दिलं, पण जीव डोक्यानं दार ढकलून आत शिरतात, असा त्याचा समज होता. त्याच सुमारास अमेरिकेत निसर्ग अभ्यासक मेरी ट्रीट तासन् तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत. जीव आत ओढले जातात, हे त्यांनी पाहिलं होतं.

शिकारीचा हा खटाटोप नत्र आणि स्फुरदासाठी. जांभ्यावरच्या पातळ मातीत दोन्हींची चणचण असते. शेजारी वाढणारी दवबिंदू ही वनस्पतीही त्याच कारणानं कीटक धरते, फक्त चिकट थेंबांनी.

फोटोसाठी ताटव्यात घुसणं सीतेच्या आसवांना फार महाग पडतं. धागे आणि फुगे मातीच्या वरच्या थरातच असतात. पाय पडला की फुलाबरोबर तेही चिरडतात, आणि बी धरण्याआधीच रोप जातं.