स्नायुक्षय : ओळख व उपचार

डुशेन स्नायुक्षय हा आनुवंशिक विकार सुमारे ३,५०० ते ५,००० मुलग्यांमागे एकास जडतो. म्हणून दुर्गम गावातही जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकणारा, पोटऱ्या फुगलेला चार-पाच वर्षांचा मुलगा आढळल्यास, त्याच्या रक्ताची सीपीके (स्नायूंची झीज दर्शवणारे विकर) तपासणी विनाविलंब करवावी.

समूळ उपचार अद्याप उपलब्ध नाही. तथापि वैद्यकीय सल्ल्याने दिलेली स्टेरॉइडे, नियमित व्यायामोपचार आणि हृदय-फुप्फुसांवरील देखरेख यांच्या योगे चालण्याची शक्ती अधिक काळ टिकते व आयुर्मानही वाढते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा विकार नमूद असल्यामुळे, पालकांनी दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारदरबारी अर्ज अवश्य करावा.