अंगणातले गट्टू हलायला लागले? आधी फटीतली वाळू बघा

बकरी ईदला कुर्बानी झाली की घरोघरी पाइप लावून अंगण धुतलं जातं. धुवायलाच पाहिजे, त्यात प्रश्न नाही. पण पाण्याची जोरदार धार सरळ गट्टूंच्या फटीत मारली की रक्त-मातीबरोबर आतली वाळूही नालीत जाते. 2025 मध्ये ईद 7 जूनला होती, म्हणजे मृग नक्षत्र अगदी तोंडावर. रिकाम्या फटी आणि वरून पाऊस, मग गट्टू खचणारच.

आमच्या अंगणात तेच झालं. गाडी लावायच्या जागेवर दोन गट्टू बसले आणि शेजारचा वर आला. अंधारात फजरला निघालेल्या अब्बांच्या पायाला ठेच लागली. मिस्त्रीला बोलावलं तर तो म्हणाला, "फटीत सिमेंट भरून टाकतो." तसं करू दिलं आणि पुढच्या पावसाळ्यात सिमेंटच्या पोपड्या निघाल्या. चूक आमचीच.

गट्टू म्हणजे पेव्हर ब्लॉक खाली चिकटवलेले नसतात. ते वाळूच्या थरावर नुसते मांडलेले असतात. दोन गट्टूंमध्ये 2 ते 4 मिलिमीटर फट सोडतात आणि त्यात बारीक वाळू ठासतात. चाक एका गट्टूवर आलं की ही वाळू त्याचा भार शेजारच्या गट्टूंवर वाटून देते. वाळू गेली की प्रत्येक गट्टू एकटा पडतो. सिमेंट कडक असतं, त्यामुळे जमीन थोडी हलली तरी ते तडकतं. आपल्याकडे, खास करून घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर वाळूची फटच टिकते.

वाळू कोणती घ्यायची? धुतलेली, चाळलेली आणि पूर्ण कोरडी. गाळ किती आहे ते घरीच कळतं. बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ टाकून हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूवर गाळाचा जाड थर बसला तर ती वाळू नको. गिट्टीखदानीची चुरी स्वस्त मिळते, पण तिच्यात पूड जास्त असली तर ती पाणी धरते आणि गवत लवकर येतं.

भरायचं काम मे महिन्यात, कडक उन्हात करा. ओलसर वाळू वरच अडकते, खाली उतरत नाही. आधी गवत मुळासकट उपटा आणि फटीतली माती जुन्या सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने काढा. खचलेले गट्टू उचलून खालची वाळू सारखी करा. हे न करता वरून वाळू भरणं म्हणजे पैसे पाण्यात. मग वाळू पसरून तिरकस झाडू मारा, लाकडाची फळी ठेवून हातोडीने हलके ठोका, पुन्हा झाडा. अंगण मोठं असेल तर प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने आणा. वाळू गट्टूच्या काठाच्या जरा खाली राहू द्या.

20 बाय 10 सेंटीमीटरचे, 60 मिलिमीटर जाडीचे गट्टू असतील आणि फटी पूर्ण रिकाम्या असतील, तर शंभर चौरस फुटांना साधारण 40 किलो वाळू लागते. नुसती कमी झालेली भरायची तर निम्म्यात भागतं. नवीन भरलेली वाळू पहिल्या पावसानंतर थोडी खाली बसते, तेव्हा उघाड मिळाली की एकदा परत झाडू मारा.

कडेची बांधणी तुटली असेल तर आधी ती दुरुस्त करा, नाहीतर गट्टू बाहेर सरकतात आणि फटी रुंदावत जातात.

ईदला धुताना पाइपच्या तोंडावर बोट दाबू नका. कुर्बानीच्या जागेवर आधी जाड ताडपत्री अंथरा, मग बादलीने पाणी टाकून झाडूने ढकला. आणि घरात निकाह असेल तर मंडपवाल्याला आधीच सांगून ठेवा, ही मंडळी खुंट्या नेमक्या फटीतच ठोकतात.