फॉरमॅट न मारता

"फॉरमॅट मारावं लागेल." ओळखीतल्या एका मुलाला ग्राफिक्स कार्ड बदलून घ्यायचं होतं, तर नवं कार्ड खोक्यातून बाहेर काढायच्या आधीच दुकानदाराने त्याला हे ऐकवलं. प्रिंटर रुसला, फॉरमॅट मारा. आवाज येत नाही, फॉरमॅट मारा. मुलाचं चार वर्षांचं काम त्या मशीनवर होतं, याची चौकशीसुद्धा कोणी केली नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एक बाई या कामासाठी फॉरमॅट मारायला साफ नकार देतात, असं मग कानावर आलं. म्हणून गेले.

दुकान पोटमाळ्यावर आहे. जिना चढतानाच वास येतो. जुन्या कार्डांच्या पंख्यांतून ब्लोअरने उडवलेली, वर्षानुवर्षं तापलेली धूळ, आणि तिच्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा नाकात शिरणारा दर्प. घरी आल्यावरही ओढणीला तो वास होता.

मी गेले तेव्हा गिऱ्हाईक होता डोंबिवलीचा एक कॉलेजातला मुलगा. जुनं कार्ड एनव्हिडियाचं, जीटीएक्स १०६०, २०१६ साली बाजारात आलेलं मॉडेल. नवं एएमडीचं, आरएक्स ७६००. ताईंनी (सगळे त्यांना ताईच म्हणतात) आधी पॉवर सप्लाय तपासला, कारण जुन्या कार्डाला सहा पिनांची वायर होती आणि नव्याला आठ पिनांची लागते. मग खुर्ची ओढून मॉनिटरसमोर बसल्या.

"कार्डाला पाच मिनिटं," त्या म्हणाल्या, "साफसफाईला चाळीस."

मुलाला ते पटलेलं दिसलं नाही. मलाही नव्हतं. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ड्रायव्हर अनइन्स्टॉल केला की संपलं, नाही का? ताईंनी तेवढं केलं आणि मग काय उरलं ते दाखवलं. सी ड्राइव्हवर कंपनीच्या नावाचं फोल्डर, त्यात मागच्या अपडेटांची उघडलेली पॅकेजं जशीच्या तशी. रजिस्ट्रीत नोंदी. आणि मुख्य म्हणजे विंडोजच्या पोटात 'ड्रायव्हरस्टोअर'. विंडोज तिथे प्रत्येक ड्रायव्हर पॅकेजची स्वतःची एक प्रत ठेवतं, म्हणजे तेच कार्ड पुन्हा लावलं तर ते न विचारता ड्रायव्हर चढवू शकतं. सोय चांगली आहे. पण कार्डच आता दुसऱ्या कंपनीचं येणार असेल, तर खोली सोडून गेलेल्या भाडेकरूचं नाव पत्रपेटीवर राहावं तसा हा प्रकार.

मी एक शंका काढली. कितीतरी लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधलं ग्राफिक्स एएमडीचं असतं आणि वेगळं कार्ड एनव्हिडियाचं, दोन्ही ड्रायव्हर एकाच विंडोजमध्ये सुखाने राहतात. मग इथेच एवढं सोवळं का?

"नांदतात ना, दोघं घरात असतात तेव्हा," ताई म्हणाल्या. "भानगड गेलेल्याची होते. कार्ड नाही, पण त्याची नोंद आहे. मग एखादा गेम त्या नोंदीमागे जातो आणि उघडतच नाही. लोक म्हणतात, नवं कार्ड खराब दिलंत."

यात तथ्य आहे. वल्कन किंवा ओपनसीएल वापरणारे प्रोग्रॅम कोणकोणते ड्रायव्हर हजर आहेत हे रजिस्ट्रीतल्या नोंदींवरूनच शोधतात. शिळी नोंद राहिली तर वाट चुकते. दर वेळी चुकतेच असं नाही. पुष्कळ लोक काहीही न पुसता कार्ड बदलतात आणि त्यांचं काही अडत नाही.

यानंतर ताईंनी नेटची केबल उपसून ठेवली. नेट चालू राहिलं तर साफसफाई चालू असतानाच विंडोज अपडेट स्वतःहून ड्रायव्हर आणून बसवू शकतं. एएमडीचा ड्रायव्हर त्यांनी आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला होता.

"लॉगिनचा पासवर्ड आठवतो का रे? पिन नको, पासवर्ड."

"ताई, मी रोज पिनच टाकतो."

"मग आठव. आत्ताच आठव."

सेफ मोडमध्ये पिन बरेचदा चालत नाही. शिवाय मशीनवर डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर सेफ मोडकडे वळताच ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, आणि ती नसेल तर सगळा डेटा कुलपाआड. काही जण 'एमएसकॉन्फिग'मध्ये सेफ बूटची खूण करतात; मग लॉगिन जमलं नाही तर मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच उठतं. ताई शिफ्ट दाबून रीस्टार्ट करतात. पोराने घरी फोन लावला. चाळीसांतली दहा मिनिटं त्या पासवर्डात गेली.

सेफ मोड उघडला: काळा पडदा, चार कोपऱ्यांत अक्षरं, मधले आयकॉन सुजल्यासारखे मोठे. तिथे डीडीयू, म्हणजे 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर', हे फुकट मिळणारं साधन. जीपीयू निवडा, एनव्हिडिया निवडा, आणि 'साफ करून बंद करा' हे बटण, कारण कार्ड बदलायचं आहे. एएमडीचं स्वतःचंही असं साधन आहे, पण ते एएमडीचाच कचरा काढतं. पडद्यावर ओळी धावायला लागल्या. ताई त्या वाचत होत्या. खरंच वाचत होत्या, फाइलींची नावं ओठांत पुटपुटत. एएमडी काढताना अजून 'एटीआय'ची अक्षरं असलेल्या फाइली भेटतात, असं त्यांनी मध्येच सांगितलं. एएमडीने एटीआय ही कंपनी २००६ मध्ये घेतली, २०१० मध्ये कार्डांवरून ते नावही काढलं. फाइलींतून मात्र गेलेलं नाही.

मग मशीन बंद झालं. कार्ड खरोखर पाच मिनिटांत बदललं: स्क्रू, स्लॉटची कळ, जुनं बाहेर, नवं आत, वायर. केबल मदरबोर्डाला नाही, कार्डालाच लावलीय ना, हे बघितलं. विंडोज आधी स्वतःच्या साध्या डिस्प्ले ड्रायव्हरवर उठलं, पेन ड्राइव्हवरून एएमडीचा ड्रायव्हर चढला, पडदा क्षणभर गेला आणि आला.

डीडीयू हा काही पोरांचा आता नित्यनेम झाला आहे. दर अपडेटला चालवतात. त्याची गरज नाही. दर अपडेटला हे वापरू नका, असं डीडीयू बनवणाराच सांगतो. कंपनी बदलताना, किंवा ड्रायव्हर बिघडून हटेनासा झाला तर, हे त्याचं खरं काम. ताईंचंही तेच मत. अपडेटसाठी आलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी माझ्यासमोर परत पाठवलं.

बिलावर फक्त कार्ड होतं. चाळीस मिनिटांचे पैसे का नाही लावले, असं विचारलं तर म्हणाल्या, "काय लिहू? काढलं, असं लिहू?" मला हे मुळीच पटत नाही. फॉरमॅट मारणारा त्याचे पैसे घेतो, वर तुमचं काम पुसतो, आणि जी बाई पासवर्डासाठी दहा मिनिटं थांबते तिची मजुरी शून्य.

तुमचं कार्ड बदलायचं असेल तर आधी बिटलॉकर चालू आहे का ते पाहा आणि असेल तर ती ४८ आकडी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून कागदावर उतरवून घ्या. पासवर्ड आठवतो का ते पाहा. साफसफाईची मजुरी बिलात लावायला सांगा. आणि एवढ्याशा कामासाठी समोरचा फॉरमॅट म्हणाला, तर मशीन उचला आणि दुसरं दुकान गाठा.