पुढची चाकं जमिनीवर

यंत्र जोरात पुढे निघालं की त्याचा भार मागे सरकतो. घोरावाडी स्थानकावरून जाणाऱ्या पुणे-मुंबई लोहमार्गावर हा नियम लागू आहे, तसाच आसपासच्या मुरमाड माळांवरही. कर्जत-लोणावळा टप्प्यात बोरघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट आहे. तिथे जड गाडी हलवताना विद्युत इंजिनाचे पुढचे आस हलके पडतात आणि त्यांची चाकं घसरू पाहतात. म्हणून त्या आसांच्या मोटरांचा प्रवाह कमी करण्याची सोय इंजिनात ठेवलेली असते. शंभर टनांहून जड इंजिनाला जे चुकत नाही, ते दोनशे किलोंच्या आतल्या स्पोर्ट एटीव्हीला, म्हणजे कच्च्या वाटांवर पळवायच्या चारचाकी दुचाकीवजा गाडीला, चुकणं शक्य नाही. त्यातून तिच्या इंजिनाची ताकद वाढवली, तर क्लच सोडताच पुढची दोन्ही चाकं हवेत जातात. यावर उपाय म्हणून बहुतेक जण शॉकअप बदलायला धावतात. माझ्या मते तिथेच पैसा वाया जातो, कारण दोष स्प्रिंगांपेक्षा गाडीच्या मापांत असतो.

बैलगाडीत माल मागे जास्त भरला की ती उलाळ होते, हे मावळातल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. एटीव्हीत मात्र माल न हलवताही, केवळ वेग वाढण्यानं उलाळ होते. ती कधी होईल, हे दोन अंतरांवर ठरतं: गाडी आणि चालक यांचा मिळून गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या किती पुढे आहे आणि जमिनीपासून किती उंच आहे. पहिल्या अंतराला दुसऱ्यानं भागलं की पुढची चाकं सुटण्याआधी किती त्वरण झेपेल ते मिळतं, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत. यामाहा रॅप्टर ७०० या ६८६ सीसीच्या गाडीचा व्हीलबेस १२८ सेंटिमीटर आहे. चालकासह एकूण वजन २६५ किलो आणि गुरुत्वमध्य मागच्या आसापुढे ५५ व जमिनीवर ६५ सेंटिमीटर धरला, तर मर्यादा ०.८५ पट येते. सुधारलेलं इंजिन पहिल्या गिअरमध्ये ती सहज ओलांडतं.

आता एकेक उपाय याच हिशेबात घालून पाहू. पुढच्या बंपरवर १० किलो शिसं बांधलं तर मर्यादा ०.९० पर्यंत जाते, पण ते ओझं शर्यतभर वाहावं लागतं. गाडी ५ सेंटिमीटर खाली बसवली तर ०.९२. ७५ किलोंच्या चालकानं आपला भार २० सेंटिमीटर पुढे आणि १० सेंटिमीटर खाली नेला, तर जवळजवळ ०.९८; आणि याला एक रुपया लागत नाही. मागचा स्विंगआर्म १५ सेंटिमीटरनं लांबवला तर १.०५. ड्रॅग शर्यतीत उतरणाऱ्या यामाहा बॅन्शींना लांबलचक स्विंगआर्म का दिसतात, त्याचं उत्तर या आकड्यात आहे. मागे कडक शॉकअप बसवला म्हणून स्थिर त्वरणात मागे सरकणारा भार कमी होत नाही; गाडी कमी दबते, इतकंच. पुढचा भाग पट्ट्यांनी बांधून वर उसळू न देण्याला मात्र अर्थ आहे, कारण नाक उंचावलं की गुरुत्वमध्यही उंचावतो आणि उलाळ आणखी सोपी होते.

यावर कोणी म्हणेल, मग स्विंगआर्म लांबवा आणि मोकळे व्हा. सरळ पट्टीवर शर्यत असेल तर जरूर. पण लांब गाडी वळणावर आडमुठी होते, आणि मावळातल्या पायवाटांवर सरळ पट्टी मिळणार कुठे? शिवाय इथली जमीन वर्षभर सारखी नसते. श्रावणातल्या चिखलात मागची चाकं आधी घसरतात, त्यामुळे नाक उचललंच जात नाही आणि चालकाला आपली गाडी शहाणी वाटू लागते. तीच गाडी वैशाखात कोरड्या, घट्ट मुरमावर पकड मिळताच उभी राहते. चढावर तर हिशेब फारच कडक होतो: २० अंशांच्या चढावर ०.८५ ची मर्यादा ०.४५ वर येते. चढाच्या मध्यावर थांबून पुन्हा जोरात निघणं सर्वांत धोक्याचं, ते यामुळेच.

दुसरा आक्षेप असा की, चाक उचलण्यातच मजा आहे, ते दाबायचं कशाला? चाकं हवेत असताना हँडल काही करत नाही, आणि गाडी मागे उलटली तर सगळं वजन चालकाच्या अंगावर येतं. अमेरिकेत अपघातांमुळे तीनचाकी एटीव्हींची विक्री १९८८मध्ये उत्पादकांना थांबवावी लागली. आणि ज्याला केवळ लवकर पोचायचं आहे त्याचंही नुकसानच, कारण नाक उचललं की थ्रॉटल सोडावा लागतो.

काहीही विकत घेण्याआधी चालकाला नेहमीच्या पवित्र्यात बसवून पुढचा आणि मागचा आस वजनकाट्यावर वेगवेगळा तोलावा. पुढच्या आसावरच्या वजनाला एकूण वजनानं भागून व्हीलबेसनं गुणलं की पहिलं अंतर मिळतं. वरच्या उदाहरणात पुढे सुमारे ११४ किलो भरतील. मग पुढची बाजू ठरावीक उंचीवर टेकवून पुन्हा तोललं, तर मागच्या काट्यावर वाढलेल्या वजनावरून गुरुत्वमध्याची उंचीही काढता येते. मात्र या दुसऱ्या तोलात शॉकअप दबू नयेत म्हणून ते आधी दांड्यांनी जखडावेत, नाहीतर उंची चुकीची निघेल.